मिठाच्या पाण्याचा उत्कलनबिंदू : पार्श्वभूमी

आधणात मीठ घातलं की पाणी जास्त तापतं, असं स्वयंपाकघरात सांगतात. ते खरं आहे, पण फरक फार थोडा. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम मीठ घातलं तर उत्कलनबिंदू जेमतेम ०.१७ अंश सेल्सिअसने चढतो. उलट महाबळेश्वरच्या उंचीवर हवेचा दाब कमी असल्यामुळे तोच चार-साडेचार अंशांनी खाली येतो. भात-डाळीला मिठाने होणाऱ्या वाढीचा काही फायदा नाही. रसायनशास्त्राला मात्र याच घराण्यातल्या मोजमापांनी मोठी वाट दाखवली.

सुरुवात झाली ती गोठण्यापासून. मीठ जितकं जास्त, तितका गोठणबिंदू त्याच प्रमाणात खाली जातो, हे चार्ल्स ब्लॅग्डन यांनी १७८८ मध्ये दाखवून दिलं. विरघळलेल्या पदार्थामुळे पाण्याचा बाष्पदाब, म्हणजे त्याच्या वाफेचा दाब, घटतो, हेही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोजून झालं होतं. बाष्पदाब हवेच्या दाबाइतका झाला की पाणी उकळतं. तो मुळातच कमी असेल, तर तिथवर पोचायला पाणी आणखी तापावं लागतं. गोठणबिंदूची घट आणि उत्कलनबिंदूची वाढ, दोन्हींचं मूळ एकच.

१८८० च्या दशकात फ्रान्समधल्या ग्रेनोबलचे फ्रांस्वा राऊल यांनी एकामागून एक द्रावणं तपासली. फरक पदार्थ कोणता यावर नाही, त्याचे रेणू किती यावर ठरतो, असं त्यांच्या आकड्यांतून दिसू लागलं. साखर या नियमात चपखल बसली. मीठ बसेना! त्याचा परिणाम अपेक्षेच्या जवळजवळ दुप्पट येत होता. डच रसायनशास्त्रज्ञ व्हांट हॉफ यांनी समीकरणात एक गुणक घालून हिशेब जुळवला, पण तो का घालावा लागतो याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

ते दिलं स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांनी. पाण्यात गेल्यावर मीठ अखंड राहत नाही, त्याचे सोडियम आणि क्लोराइड असे विद्युतभारित आयन होतात. एकाचे दोन कण झाले, म्हणून परिणाम दुप्पट. विजेच्या वहनावरच्या त्यांच्या प्रबंधाला १८८४ मध्ये उप्साला विद्यापीठाने खालचा दर्जा दिला होता. १८८७ मध्ये त्यांनी वीजवहनातून काढलेले त्या गुणकाचे आकडे राऊल यांच्या गोठणबिंदूच्या आकड्यांशेजारी मांडले. दोन अगदी वेगळ्या वाटांनी आलेली उत्तरं इतकी जवळ यावीत, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत सुंदर पान वाटतं. १९०३ चं नोबेल त्यांना याच सिद्धान्ताबद्दल मिळालं.

उकळण्याची बाजू मोजणं जास्त कटकटीचं. हवेचा दाब जरा हलला की उत्कलनबिंदू हलतो, शिवाय पाणी उकळण्याआधीच प्रमाणाबाहेर तापून बसतं. जर्मनीच्या अर्न्स्ट बेकमान यांनी केवळ पाच-सहा अंशांचा आवाका असलेला, पण अंशाचा शंभरावा भाग दाखवणारा तापमापक बनवला, तेव्हा कुठे या मोजणीवर भरवसा ठेवता येऊ लागला.

तरी साधं सूत्र फक्त पातळ द्रावणाला लागू पडतं. उकळत्या पाण्यात मावेल तितकं मीठ विरघळवलं, तर त्या हिशेबाने वाढ सात अंशांहून कमी यायला हवी. प्रत्यक्षात असं पाणी सुमारे १०८.७ अंशांना उकळतं. आयनांची आपापसातली ओढ डिबाय आणि ह्यूकेल या शास्त्रज्ञांनी १९२३ मध्ये गणितात आणली, पण तीही पातळ द्रावणांपुरतीच. दाट मिठवणीसाठी आजही प्रत्यक्ष मोजलेल्या आकड्यांचाच आधार घ्यावा लागतो.