सीडींचा संग्रह म्युझिक सर्व्हरवर आणताना: काम सोपवण्याआधी वाचायची माहिती

तुमच्या सीडी आमच्या हाती देण्याआधी हे पत्रक एकदा निवांत वाचा. म्युझिक सर्व्हर म्हणजे सगळं संगीत एका जागी साठवून घरातल्या इतर उपकरणांवर वाजवू देणारा कॉम्प्युटर. या कामाचे दोन भाग आहेत. सीडीवरचा आवाज फाइलमध्ये जसाच्या तसा उतरला की नाही, हे यंत्राने तपासता येतं आणि ती जबाबदारी पूर्णपणे आमची. गायक, अल्बम, संगीतकार, राग, कुठली सीडी कुठल्या संचातली, ही नावं बरोबर लागली की नाहीत हे मात्र संग्रहाच्या मालकाइतकं कोणालाच कळत नाही. म्हणून नावांबद्दल इथे जरा जास्तच लिहिलं आहे. शेकडो सीडी उतरवून झाल्यावर नावांची पद्धत बदलायची ठरली, तर एकेक अल्बम उघडून पुन्हा बसावं लागतं.

फाइल कुठल्या प्रकारची हवी

आम्ही फ्लॅक (FLAC) हा फाइलचा प्रकार सुचवतो. सीडीवर दर सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटचा, डावा आणि उजवा चॅनल वेगळा. म्हणजे तासाभराच्या सीडीवर सुमारे ६३५ मेगाबाइट माहिती. फ्लॅक त्यातला एकही बिट न गाळता ती आवळून ठेवतं. किती आवळलं जाईल हे संगीतावर अवलंबून असतं. तानपुऱ्याच्या साथीने संथ चाललेली आलापी पुष्कळ आवळली जाते, सतत चढ्या आवाजातलं रॉक फारसं नाही. तासाच्या सीडीला सरासरी ३०० ते ४०० मेगाबाइट धरले, तर १,००० सीडी ४०० गीगाबाइटच्या आत बसतात. एक टेराबाइटच्या डिस्कवर तेवढा संग्रह मावून निम्म्याहून जास्त जागा उरते, तेव्हा जागेसाठी एमपी३ करून घेण्याचं आता कारण राहिलेलं नाही.

एमपी३ तुम्हाला फोनसाठी किंवा गाडीसाठी लागेल. ते फ्लॅकवरून केव्हाही बनवता येतं. उलटी वाट मात्र बंद आहे. एमपी३ करताना गाळलेला तपशील त्या फाइलमधून परत मिळत नाही, त्यासाठी सीडीच पुन्हा काढावी लागते. घरात सगळी उपकरणं अ‍ॅपलची असतील तर एएलएसी (ALAC) हा त्यांचाच फाइल प्रकार घ्या. तोही लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळणारा, प्रकार आहे आणि पुढे फ्लॅकमध्ये बदलताना काही हरवत नाही. डब्ल्यूएव्ही (WAV, न आवळलेल्या आवाजाची फाइल) मात्र टाळा. त्या फाइलमध्ये नावं साठवण्याची सोय प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या परीने वापरतं, आणि मग सर्व्हरला ती दिसतीलच असं नाही.

सीडी वाचणं आणि बरोबर वाचणं

कॉम्प्युटरसाठीच्या डेटा सीडीवर चुका दुरुस्त करणारा एक जादा थर असतो. संगीताच्या सीडीवर तो नसतो. तिची स्वतःची दुरुस्तीची व्यवस्था चांगली आहे. ट्रॅकच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतची सलग खोट ती पूर्ण भरून काढू शकते. त्यापलीकडे गेलं की प्लेयर आजूबाजूच्या नमुन्यांवरून अंदाज बांधतो आणि मधली जागा भरतो. ऐकताना हे उपकारक आहे, कारण कानाला बहुधा पत्ता लागत नाही. पण प्रत काढताना हाच घोटाळा होतो. ड्राइव्ह अंदाजाने भरलेला भाग खरा म्हणून देऊन मोकळा होतो, आणि साध्या सॉफ्टवेअरने रिप केलेल्या, म्हणजे सीडीवरून उतरवलेल्या, फाइलमध्ये तो कायमचा बसतो.

म्हणून आम्ही प्रत्येक ट्रॅक पडताळून घेतो. तुमच्याकडे आहे तीच सीडी जगात इतरांनीही वाचलेली असते. अ‍ॅक्युरेटरिप नावाच्या सामाईक यादीत अशा वाचनांच्या खुणा साठवलेल्या आहेत. आमची फाइल त्यांच्याशी तंतोतंत जुळली की तिथे अंदाजाला जागा उरत नाही. मात्र प्रत्येक ड्राइव्ह ठरावीक नमुने आधी किंवा नंतर वाचायला सुरुवात करतो, आणि तेवढा फरक आधी दुरुस्त केला नाही तर जुळणारंही जुळत नाही. तो आकडा ड्राइव्हच्या मॉडेलप्रमाणे बदलतो, आणि आमच्या प्रत्येक ड्राइव्हसाठी तो लावून ठेवलेला आहे.

दुर्मिळ सीडी, खाजगी मैफलीच्या सीडी, घरी बर्न केलेल्या सीडी या यादीत सापडत नाहीत. त्या आम्ही दोन वेगळ्या ड्राइव्हवर वाचतो. दोन्ही वाचनं जुळली तर फाइल पक्की. नाही जुळली, तर संशयाची जागा पुन्हा पुन्हा वाचली जाते. अशा वेळी बाहेरून दिसतं ते एवढंच: झपाट्याने चाललेला ड्राइव्ह एका ट्रॅकवर येऊन मंद होतो, घरघरतो, थोडा पुढे जातो, पुन्हा मागे येतो. चांगली सीडी काही मिनिटांत संपते. अशी सीडी तासभरही घेते, आणि तो वेळ आम्ही देतो. तरीही न जुळलेला भाग आम्ही गुपचूप भरत नाही. प्रत्येक अल्बमच्या फोल्डरमध्ये वाचनाचा अहवाल असतो. त्यात कुठल्या ट्रॅकमध्ये कितव्या मिनिटा-सेकंदाला शंका आहे ते लिहिलेलं असतं. त्याच सीडीची दुसरी प्रत कधी हाती आली तर तेवढा ट्रॅक बदलून घ्या.

ओरखड्यांबद्दल एक गैरसमज सतत भेटतो. लोक चकचकीत बाजू जिवापाड जपतात आणि सीडी छापील बाजूवर घासत ठेवतात. माहितीचा थर असतो छापील बाजूला. त्याच्या वर फक्त लाखेचा पातळ लेप आणि छपाई, तर खालच्या बाजूला सुमारे १.२ मिलिमीटर जाडीचं पारदर्शक प्लास्टिक. खालचा ओरखडा बऱ्याचदा पॉलिश करून काढता येतो. वरच्या बाजूने खोल खरवडलं गेलं तर माहितीच गेली. सीडी दिव्यासमोर धरून पाहा. टाचणीने टोचल्यासारखे उजेडाचे ठिपके दिसले तर तिथला चमकदार थर नाहीसा झाला आहे. अशा सीडी वेगळ्या काढा आणि आम्हाला आधी द्या.

घरी बर्न केलेल्या सीडीही आधीच द्या. त्यांच्यात माहिती रंगद्रव्याच्या थरावर उमटवलेली असते, आणि तो रंग उन्हाने व काळाने उतरतो. तिच्यावर कागदी लेबल चिकटवलं असेल तर ते सोलून काढू नका, त्याच्यासोबत चमकदार थरही निघून येतो. पुसायची झाली तर मऊ कापडाने, मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसा. गोल फिरवून पुसताना चरा पडला तर तो ट्रॅकच्या दिशेने लांबत जातो, आणि वर सांगितलेली अडीच मिलिमीटरची मर्यादा तिथे पटकन ओलांडली जाते.

काही सीडींचं प्रकरण निराळं असतं. १९८० च्या दशकातल्या काही सीडींवर उंच स्वर मुद्दाम उठवून नोंदवलेले आहेत. सीडी प्लेयर त्यावरची खूण ओळखून ते मूळ पातळीवर आणतो. फाइलमध्ये ती दुरुस्ती झाली नाही तर सगळं कर्कश ऐकू येतं, म्हणून ही खूण आम्ही प्रत्येक जुन्या सीडीवर तपासतो. एसएसीडी (SACD, वरच्या दर्जाच्या आवाजाची वेगळ्या प्रकारची डिस्क) असेल तर ती हायब्रिड, म्हणजे साध्या सीडीचाही थर असलेली, आहे का ते कव्हरवर पाहा. हायब्रिडमधला सीडीचा थर उतरतो, एसएसीडीचा थर कॉम्प्युटरच्या ड्राइव्हला वाचता येत नाही. आणि एखाद्या अल्बमवर पहिल्या ट्रॅकच्याही आधी लपवलेलं गाणं आहे हे तुम्हाला ठाऊक असेल, तर चिठ्ठी लावा. ते वेगळं सांगून काढावं लागतं.

नावं: इथे तुमची मदत लागते

बहुतेक सीडींवरच्या डिजिटल माहितीत गाण्यांची नावं नसतातच. सॉफ्टवेअर ट्रॅक किती आहेत आणि प्रत्येक कुठे सुरू होतो एवढं पाहतं, त्यावरून ओळख तयार करतं आणि इंटरनेटवरच्या याद्यांमध्ये शोधतं. म्युझिकब्रेन्झ ही त्यातली मोठी यादी. या याद्या जगभरच्या हौशी लोकांनी भरलेल्या आहेत. ज्या संगीताला असे लोक पुष्कळ मिळाले त्याची नावं नीट सापडतात. मराठी नाट्यपदं, भावगीतं, शास्त्रीय मैफली यांच्या बाबतीत स्पेलिंग मनाला येईल तसं, गायकाच्या जागी संगीतकार, किंवा नुसतंच ‘ट्रॅक १, ट्रॅक २’ असं मिळतं.

याचा त्रास सर्व्हरवर कसा दिसतो ते पाहा. एका सीडीवर ‘भीमसेन जोशी’ लागलं, दुसरीवर ‘पं. भीमसेन जोशी’, तिसरीवर ‘पंडित भीमसेन जोशी’, चौथीवर तेच नाव रोमन लिपीत. सर्व्हरच्या दृष्टीने हे चार वेगळे गायक. तुम्ही एकावर बोट ठेवता, चार अल्बम दिसतात, आणि बाकीचे हरवले असं वाटतं. तेव्हा आधी दोन गोष्टी आम्हाला सांगा. नावं देवनागरीत हवीत की रोमनमध्ये? आणि ‘पंडित’, ‘उस्ताद’, ‘विदुषी’ ठेवायचं की गाळायचं? आमचं मत विचाराल तर मराठी-हिंदी संगीत देवनागरीत ठेवा आणि उपाधी टॅगमधून (फाइलमध्येच साठवलेल्या नावांच्या रकान्यांतून) गाळा. त्यांच्याबद्दलचा आदर कमी होत नाही आणि नावानुसार लावलेली यादी ‘प’ या अक्षरापाशी तुंबत नाही. मात्र साध्या अक्षरक्रमात देवनागरी नावं रोमन नावांच्या नंतर येतात, हे लक्षात असू द्या.

दुसरा मुद्दा ‘अल्बम आर्टिस्ट’ या रकान्याचा. बारा गाण्यांचे बारा गायक असलेली सीडी या रकान्याशिवाय सर्व्हरवर बारा तुकड्यांत फुटते. आम्ही तिथे ‘विविध कलाकार’ भरतो. चित्रपटगीतांच्या सीडीला मात्र संगीतकाराचं नाव देणं जास्त सोयीचं, कारण ती गाणी बरेच जण तसंच शोधतात. हे तुमच्या सवयीप्रमाणे ठरवू.

शास्त्रीय संगीतासाठी नेहमीचे रकाने पुरत नाहीत. राग, ताल, साथीदार यांना ठरलेली जागा नाही. फ्लॅकमध्ये हवे तेवढे नवे रकाने तयार करता येतात, पण बरीचशी अ‍ॅप ते दाखवत नाहीत. म्हणून आम्ही राग दोनदा लिहितो: एकदा वेगळ्या रकान्यात, एकदा ट्रॅकच्या नावात, ‘यमन: विलंबित एकताल’ अशा धर्तीवर. पाश्चात्त्य सिंफनीतही तसंच. संगीतकार, वाद्यवृंद आणि कंडक्टर वेगळे नोंदले नाहीत तर बीथोव्हनच्या पाचव्या सिंफनीची तीन मुद्रणं एकमेकांत मिसळतात.

साथीदारांची नावं, मैफलीचं ठिकाण, मुद्रणाचं साल हे सगळं सीडीसोबतच्या पुस्तिकेत असतं. नुसती सीडी पाकिटात घालून पाठवू नका, पुस्तिकेसह द्या. सालाच्या रकान्यात आम्ही मूळ मुद्रणाचं साल भरतो. सीडी बाजारात आली १९८२ मध्ये. त्याआधीचं मुद्रण पुढे केव्हातरी सीडीवर आलं म्हणून गाण्याला सीडीचं साल लावणं आम्हाला पटत नाही.

सर्व्हर आणि घरातलं नेटवर्क

यासाठी जबर कॉम्प्युटर लागत नाही. एखादा लहान, कमी वीज खाणारा कॉम्प्युटर किंवा नॅस (NAS, घरच्या नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी) पुरतो. त्यावर लिरियन, नॅव्हिड्रोम, जेलीफिन अशांपैकी एक मोफत सॉफ्टवेअर चालतं. सीडीचं संगीत न आवळताही सेकंदाला १,४११ किलोबिट एवढंच असल्याने वाय-फायला ते जड नाही. तरी सर्व्हर राउटरला केबलनेच जोडा.

प्लेयर निवडताना एक गोष्ट आवर्जून तपासा: गॅपलेस प्लेबॅक. विलंबित संपून द्रुत सुरू होताना सीडीवर ट्रॅक बदलतो, संगीत थांबत नाही. ज्या प्लेयरला ही सोय नाही तो तिथे क्षणभर गप्प होतो आणि सम येण्याआधीच रसभंग होतो. फ्लॅक फाइल नमुन्यागणिक अचूक कापलेली असते, तेव्हा दोष फाइलचा नसतो.

आवाजाच्या कमी-जास्त पातळीसाठी आम्ही रिप्लेगेनचे, म्हणजे कुठलं गाणं किती कमी-जास्त वाजवायचं हे प्लेयरला सांगणारे, आकडे टॅगमध्ये भरतो. मूळ आवाजाला हात लागत नाही, प्लेयरमध्ये ती सोय बंद केली की सगळं सीडीसारखं.

प्रती आणि परत मिळणारं सामान

दोन डिस्कवर आपोआप एकसारखी माहिती ठेवणारी नॅसमधली व्यवस्था म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेला अल्बम दोन्हीकडून एकाच क्षणी जातो. आम्ही संग्रह दोन स्वतंत्र ड्राइव्हवर देतो. त्यातला एक सर्व्हरला जोडू नका, शक्यतो दुसऱ्या घरी ठेवा. फ्लॅक फाइलमध्ये तिच्या आवाजाची पडताळणीची खूण आतच असते, त्यामुळे ती फाइल शाबूत आहे का हे कुठल्याही वर्षी तपासता येतं. बॅकअपची ही तपासणी वर्षातून एकदा करा.

सगळ्या सीडी तुम्हाला त्यांच्या मूळ क्रमाने परत मिळतील. त्या सांभाळून ठेवा. मूळ त्याच आहेत, आणि प्रत स्वतःपुरती काढण्याचा आधारही त्यांची मालकी हाच आहे. आमच्याकडची प्रत तुम्ही संग्रह तपासून ‘ठीक आहे’ असं लेखी कळवल्यावर पुसली जाते.

तपासणी करताना सगळं ऐकत बसू नका. तुम्हाला तोंडपाठ असलेले काही अल्बम, एक मोठा संच, एक विविध कलाकारांची सीडी आणि अहवालात शंका नोंदवलेले ट्रॅक एवढे उघडून पाहा. नावात चूक आढळली तर अल्बमचं फोल्डर आणि ट्रॅकचा क्रमांक लिहून पाठवा, दुरुस्त फाइल आम्ही दोन्ही ड्राइव्हसाठी देतो.