दाबोळी की मोपा? कोडचं शेवटचं अक्षर वाचा

तिकिटावर नुसतं ‘गोवा’ वाचून टॅक्सी सांगू नका. 5 जानेवारी 2023 पासून गोव्यात दोन विमानतळांवरून विमानं सुटतात. दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. बॅगेला लावायच्या पट्टीवरही हीच तीन अक्षरं ठळक छापतात आणि फरक फक्त शेवटच्या अक्षरात असतो.

चूक महागात पडते. दोन्हींमधलं अंतर रस्त्याने साधारण साठ किलोमीटर; पर्वरीची कोंडी धरली तर दीड-दोन तास. देशांतर्गत चेक-इन तासभर आधी बंद होतं. म्हणजे दोन तास आधी पोचूनही विमानतळ चुकला, तर विमान गेलंच समजा.

दाबोळी जुना, मोपा नवा, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. खरा फरक धावपट्टी कोणाची, यात आहे. दाबोळीची धावपट्टी पोर्तुगीज काळातली, आज नौदलाच्या आयएनएस हंसा तळाची. विमानांची ये-जा नौदलाचा नियंत्रण कक्ष सांभाळतो; विमानतळ प्राधिकरणाकडे प्रवासी टर्मिनल. कामाच्या दिवशी सकाळचे तास नौदलाच्या सरावाला लागतात, म्हणून नागरी विमानांना त्या वेळा मोजक्याच मिळत आल्या. लष्करी तळ असल्यामुळे खिडकीतून फोटो काढायलाही मनाई, हे लक्षात असू द्या. पेडणे तालुक्यातला मोपा, म्हणजे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ, पूर्णपणे नागरी. चालवते जीएमआर कंपनी. तिथे सरावाची आडकाठी नाही.

दोन्हीकडे वापरातली धावपट्टी मात्र एकच. 27 डिसेंबर 2016 ला पहाटे दाबोळीत उड्डाणाच्या वेळी एक प्रवासी विमान धावपट्टी सोडून बाजूला गेलं आणि काही तास सगळी वाहतूक थांबली. तेव्हा मोपा नव्हता. आता अशा वेळी विमान शेजारच्या विमानतळाकडे वळवता येतं. त्यामुळे न्यायला येणाऱ्या माणसाला निघण्याआधी फ्लाइट स्टेटस बघायला सांगा.

मडगाव, वास्को, काणकोणकरांना दाबोळी सोयीचा. म्हापसा, पेडणे, सावंतवाडी, बांद्याला मोपा. पणजीकरांना फारसा फरक पडत नाही. परतीचं तिकीट मात्र वेगळं तपासा: जाताना जीओआय आणि येताना जीओएक्स असं सहज होतं, आणि गाडी दाबोळीच्या पार्किंगमध्ये राहते.