डोरी, गोफ आणि ‘कॉर्डिंग’चा घोळ

ब्लाउजच्या गळ्याभोवती किंवा बाहीवर जाड डोरी नक्षीत वळवून मशीनने बसवली की त्याला हल्ली सरसकट ‘डोरी वर्क’ म्हणतात. शिवणाऱ्या बाईंना नुसतं ‘डोरी’ म्हटलं तर त्या पाठीचे बंद आणि लटकन समजतात. ते इथे अभिप्रेत नाही. तार किंवा दोरा कापडावर मांडून बारीक टाक्यांनी जखडण्याची हातची रीत जुनीच आहे. जरदोजीत ती आहे, काश्मिरी तिल्ल्यात, म्हणजे तिथल्या जरीच्या भरतकामात आहे. प्रश्न एवढाच, की मशीनने तिचं काय केलं.

शिलाई मशीन घरात आली तेव्हा, १८६० च्या दशकात, युरोप-अमेरिकेत जाकिटांवर आणि मुलांच्या कपड्यांवर गोफ लावायची टूम होती. हुसार घोडदळाचे डगले आणि फ्रेंचांच्या झुआव्ह पलटणींची जाकिटं यांच्यावरून ती उचललेली. त्यातला चपटा गोफ म्हणजे सूताश. त्याच्या मधोमध बारीक पन्हळ असते आणि टीप त्या पन्हळीत पडली की दिसत नाही. तेव्हाच्या घरगुती मशीनला सरळ टिपेखेरीज काही येत नव्हतं, त्यामुळे हे छानच जुळलं. गोफ ओवायला भोक असलेला फूट, म्हणजे सुईपाशी कापड दाबून धरणारा पाय, मशीनच्या जोडसामानात मिळू लागला. गोल दोरीचं मात्र जमेना. मधून टीप मारली की ती दबते, कडेने मारली की लोळते. याच दशकात फ्रान्समध्ये साखळी टाक्याचं भरतकाम यंत्र निघालं. त्याच्या पुढच्या प्रकारांवर दोरीही बसवता येई. मुंबईच्या कारागिरांत ते ‘कॉर्नेली’ म्हणून ओळखलं जातं, पण ते कारखान्याचं यंत्र, घरातलं नव्हे.

आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पावशतकात अमेरिकन मशीन पारशी एजंटामार्फत मुंबईत विकली जाऊ लागली. १९३० च्या दशकात कलकत्त्यात देशी मशीन तयार झाली. तीही काळी, सरळ टिपेचीच. मराठी घरांतलं मशीनचं भरतकाम पुढची कित्येक वर्षं याच मशीनवर झालं: फूट काढायचा, कापड सरकवणाऱ्या दात्यांवर पत्रा बसवायचा, कापड रिंगमध्ये ताणायचं आणि दोन्ही हातांनी रिंग फिरवायची.

नावाचा घोळ इथलाच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मशीन कंपनीने छापलेल्या भरतकामाच्या पुस्तिकेत ‘कॉर्डिंग’ असा धडा आहे. त्यात जाड दोरा रेषेवर ठेवायचा आणि रिंग डावी-उजवीकडे हलवत त्यावर इतके दाट टाके घालायचे की दोरा पूर्ण झाकला जाईल. दोरा आत, दिसतात ते टाके. आजच्या डोरी वर्कमध्ये नेमकं उलटं: डोरी दिसली पाहिजे, टाका लपला पाहिजे. तिसरा प्रकार म्हणजे जाड दोरा बॉबीनवर, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळावर गुंडाळायचा, बॉबीन केसचा पेच सैल करायचा आणि कापड उलटं धरून शिवायचं; नक्षी खालच्या बाजूला उमटते. यालाही कोणी कॉर्ड वर्क म्हणतं, कोणी केबल. पायपिंगमध्ये दोरी भरतात, तेही कॉर्डिंगच! शिकवणीत एका बाईंचं कॉर्डिंग दुसऱ्या बाईंना चूक वाटतं ते यामुळे. दोघीही बरोबर असतात. माझ्या मते ‘कॉर्डिंग’चा पुस्तिकेतला जुना अर्थ सोडायचं कारण नाही. वरून बसवलेल्या कामाला डोरी म्हणावं आणि सूताशला आपला ‘गोफ’ हा शब्द आयता आहे.

डोरीचं नशीब उघडलं ते झिगझॅगमुळे. झिगझॅग टाक्याचं पेटंट १८७३ मध्ये एका अमेरिकन स्त्रीने घेतलं होतं, पण घरगुती मशीनमध्ये तो टाका दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे रुळला, इटली, जर्मनी, स्वित्झर्लंडच्या कारखान्यांतून. सुई दोरीच्या एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पडते. दोरीला भोक पडत नाही. टाक्याची रुंदी दोरीपेक्षा किंचित जास्त ठेवली की झालं. वर पारदर्शक नायलॉनचा धागा लावला की टाका जवळजवळ दिसतच नाही. आपल्या घरांत हे उशिरा आलं; झिगझॅग मशीन म्हणजे पिको-फॉलच्या दुकानातली, हीच समजूत बरीच वर्षं होती.

आता एक, तीन किंवा अधिक भोकांचे कॉर्डिंग फूट सुटे मिळतात, आणि सुरतेच्या मल्टिहेड, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या अनेक सुयांच्या भरतकाम मशीनवर डोरी बसवायचं जोडयंत्रही असतं. संगणकावरची डोरी एकसारखी येते हे खरं. पण शिवून तयार झालेल्या ब्लाउजच्या गळ्यावर चालवायची तर घरचीच मशीन सोयीची. तिथे कोपरा आला की अजून तेच करावं लागतं: सुई कापडात रुतवायची, फूट उचलायचा, कापड फिरवायचं, डोरी नखाने दाबून धरायची, मग पुढचा टाका.