डाळिंबाच्या मुळाची बुरशी आणि तिचं पेटंट

आमच्या सोलापूरच्या चुनखडीच्या रानात डीएपी खत कितीही टाका, त्यातला बराचसा स्फुरद (फॉस्फरस) कॅल्शियमला चिकटून बसतो, म्हणजे पैसा मातीत आणि डाळिंब उपाशी. पेनिसिलियमसारख्या काही बुरश्या आम्लं सोडून हा अडकलेला स्फुरद मोकळा करतात. इथल्याच केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रानं पेनिसिलियम पिनोफिलम डाळिंबावर वापरून बघितली, २०१४ ला त्याचा पेपर आलाय.

मायकोरायझा या दुसऱ्या बुरशीची तऱ्हा वेगळी. ती मुळाच्या आतच घर करते, बाहेर केसापेक्षा बारीक तंतू पसरते, मुळी पोचत नाही तिथला स्फुरद आणून देते आणि बदल्यात झाडाची साखर खाते. मुळीला निळा रंग देऊन मायक्रोस्कोपखाली बघितलं तर एकेका पेशीत इवलंसं झाड फुटलेलं दिसतं, मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा डोळा काढवेना.

आता पेटंटचं. रानात सापडलेली बुरशी जशीच्या तशी आपल्याकडे पेटंट होत नाही, १९७० च्या कायद्याचं कलम ३(सी) आडवं येतं, आणि ते बरोबरच आहे, मातीतला जीव कुणा एकाच्या नावावर का व्हावा? म्हणून सगळी अक्कल लागते ती बुरशी वाढवायच्या आणि टिकवायच्या पद्धतीत, म्हणजे दाणेदार, लिक्विड, बियाण्यावरचं कोटिंग, अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळापासूनच्या जेलच्या) मण्यात कोंडलेली बुरशी, नाहीतर बुरशी आणि जिवाणूंची जोडी. स्ट्रेन, म्हणजे बुरशीचा तो नेमका वाण, सहसा सूक्ष्मजीव साठवणाऱ्या मान्यताप्राप्त बँकेत जमा करावा लागतो, अशा बँका चंदीगडला आणि पुण्यात आहेत, शिवाय जैवविविधता प्राधिकरणाकडेही जावं लागतं. मायकोरायझा तर जिवंत मुळाशिवाय वाढतच नाही, त्यामुळे १९८८ मध्ये गाजराची नुसती मुळं काचेच्या डिशमध्ये वाढवून त्यावर ती पोसली गेली ते फार मोठं काम झालं, आपल्या दिल्लीच्या टेरी या संशोधन संस्थेचं तंत्रही त्याच वाटेचं.

पण खरी परीक्षा मे महिन्यात. सरकारी नियमानं मायकोरायझाच्या ग्रॅमला निदान १०० जिवंत अंश, म्हणजे ज्यातून बुरशी पुन्हा उगवेल असे कण, पाहिजेत, आणि मागच्या वर्षी मी घेतलेली पुडी पत्र्याच्या दुकानात दारातल्या उन्हात पडलेली, हातात घेतली तर चटका बसला. आत काय जिवंत राहिलं असेल! यंदा तारीख बघून, आतल्या गार खोलीतली पुडी मागून घेतली, आणि बुरशीनाशकाचं ड्रेंचिंग (मुळाशी औषध ओतणं) झाल्या झाल्या न टाकता मधे चांगलं अंतर ठेवून मृग बहाराला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडच्या बहाराला, मुळापाशी देणार आहे.