पिढ्या मोजायच्या कशा? गेम ऑफ लाइफची पार्श्वभूमी

परवा भाचा लॅपटॉप घेऊन घरी आला, म्हणला मामा नियम सगळे बरोबर लिहिलेत तरी पिढ्यांचा, म्हणजे नियम किती वेळा लावले त्याचा, आकडा चुकतोय. प्रॉब्लेम गेम ऑफ लाइफचा होता, म्हणजे चौकटींच्या ग्रिडवर पेशी, जिवंत पेशीला 2 किंवा 3 जिवंत शेजारी (तिरकी धरून आजूबाजूच्या आठ घरांतले) असतील तर ती टिकते, रिकाम्या घराला बरोबर 3 असतील तर तिथं नवीन जन्मते, बाकी सगळं मेलेलं.

मी ग्राफपेपरवर ज्वारीचे तीन दाणे आडवे ठेवले. टोकाच्या दाण्यांना एकेकच शेजारी, म्हणून त्यानं ते लगेच उचलले. थांब की बे, म्हटलं, आता मधल्याच्या वर-खाली जन्म कुणाच्या हिशोबानं होणार? कोडमध्ये नेमकं हेच चाललं होतं, एकाच अ‍ॅरेत (म्हणजे सगळ्या घरांच्या एकाच तक्त्यात) वाचणं पण आणि पुसणं पण.

ही अडचण फक्त कॉम्प्युटरवरची नाही, हातानं खेळतानाही यायची. 1940 च्या दशकात उलाम या गणितज्ञानं सुचवलेल्या ग्रिडवर फॉन न्यूमन या दुसऱ्या गणितज्ञानं स्वतःची नक्कल करणारं यंत्र मांडलं, त्यात प्रत्येक घराच्या 29 अवस्था. केंब्रिजचा गणितज्ञ जॉन कॉनवे यानं हा खेळ काढताना त्या दोनवर आणल्या आणि तो न् त्याचे सोबती गो नावाच्या बैठ्या खेळाच्या पटावर सोंगट्या मांडून हातानं पिढ्या मोजायचे. ऑक्टोबर 1970 मध्ये मार्टिन गार्डनरनं सायंटिफिक अमेरिकनच्या सदरात खेळ छापला तेव्हा रीतही दिली होती: मरणारी सोंगटी उचलायची नाही, तिच्यावर दुसरी ठेवून खूण करायची, जन्माच्या घरात पांढरी ठेवायची, सगळा पट तपासून झाला की मग एकदम उचलायचं. आज आपण दोन अ‍ॅरे घेतो, एकातून वाचायचं न् दुसऱ्यात लिहायचं, ते हेच, मला तर ही रीत कुठल्याही कोडपेक्षा लवकर समजते.

पिढ्यांच्या आकड्याला खरं वजन आलं ते आर-पेंटोमिनो नावाच्या मांडणीमुळं. सुरुवातीला फक्त पाच पेशी, आणि थांबायचं नावच नाही! गार्डनरनं लिहिलं तोवर कॉनवे 460 पिढ्यांपर्यंत पोचला होता, शेवट काही सापडला नव्हता. तो कॉम्प्युटरनं दाखवला: 1103 व्या पिढीला नवीन काही घडणं थांबतं, तेव्हा पेशी 116. कायम वाढत राहणारा पॅटर्न असतो का यावर कॉनवेनं 50 डॉलर लावले होते, ते त्याच वर्षी एमआयटीच्या गॉस्परच्या टीमनं दर 30 पिढ्यांना एक ग्लायडर (पटावर तिरका सरकत जाणारा छोटा आकार) सोडणारी गन काढून जिंकले.

हा 1103 सुरुवातीच्या मांडणीला शून्य धरून आहे. भाच्यानं अ‍ॅरे दोन केले तर 1104 आलं, कारण काउंटर एकपासून सुरू होता. अजून एक सांगतो, त्या 116 मध्ये सहा ग्लायडर आहेत आणि ते लांब पळत राहतात, त्यामुळं ग्रिड लहान घेतली तर ते कडेला आपटतात न् मोजणी बिघडते. त्यानं मग बाजू चांगली मोठी घेतली, काउंटर शून्यावर आणला, आणि 1103 आलं.