व्हॉल्यूम रेंडरिंग

त्रिमितीय वैज्ञानिक विदेतून (डेटातून) आधी पृष्ठभाग वेगळे न काढता, तिच्यातील प्रत्येक मूल्याला रंग व अपारदर्शकता देऊन थेट चित्र उभे करण्याची संगणकीय पद्धत. वैद्यक, हवामानशास्त्र, भूभौतिकी व खगोलशास्त्र यांत ती वापरतात.

विदा व्हॉक्सेलांच्या, म्हणजे चित्रातील पिक्सेलसारख्या पण त्रिमितीय अशा लहान घटकांच्या, जाळीत असते. सीटी स्कॅनमध्ये प्रत्येक व्हॉक्सेलचे मूल्य हाउन्सफील्ड एककांत (क्ष-किरण किती शोषले जातात याच्या मापात) मोजतात : हवा −१०००, पाणी ०, हाड त्याहून बरेच वर. कोणते मूल्य कसे दिसावे हे ‘ट्रान्सफर फंक्शन’ ठरवते. पडद्यावर ते वक्ररेषेच्या रूपात असते. मऊ ऊतकांकडचा तिचा भाग माऊसने खाली ओढला की चेहऱ्याची कातडी विरत जाते आणि कवटी उरते. दातात धातू भरलेला असेल, तर त्यापासून फाकलेले चमकदार पट्टेही तेव्हाच नजरेत भरतात. ते हाड नव्हे, स्कॅनमधला दोष होय.

पद्धतीचा उगम बहुधा १९८८ मध्ये धरतात. त्या वर्षी मार्क लेव्हॉय यांचा, तसेच पिक्सार या संगणक-चित्रण कंपनीतील ड्रेबिन, कार्पेंटर व हॅनरहन यांचा असे दोन शोधनिबंध काही महिन्यांच्या अंतराने प्रसिद्ध झाले. तथापि धूसर माध्यमातून जाणाऱ्या प्रकाशाचे गणित त्याआधीचे आहे : जेम्स ब्लिन (१९८२) यांनी ते ढग व धूलिमय पृष्ठभागांसाठी, तर काजिया व फॉन हर्झेन (१९८४) यांनी किरणमागोव्यासाठी (रे ट्रेसिंग; प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र बनवण्याची रीत) मांडले. हर्मन व लिऊ यांनी १९७९ मध्येच सीटीवरून अवयवांची त्रिमितीय चित्रे काढली होती, पण ती पृष्ठभागांची; लोरेन्सन व क्लाइन यांची विदेतून पृष्ठभाग काढणारी ‘मार्चिंग क्यूब्ज’ (१९८७) ही रीतही त्याच घराण्यातली. सूत्रापेक्षा मोजलेल्या विदेवरील वापर हा निकष मानल्यास १९८८ हेच वर्ष अधिक सयुक्तिक ठरते.

लेव्हॉय यांच्या रीतीत प्रत्येक पिक्सेलमधून किरण सोडून वाटेतील नमुने एकावर एक चढवतात. पुढून मागे जाताना अपारदर्शकता १ च्या जवळ पोहोचली, की किरण तिथेच थांबवता येतो. मागचे काही दिसणारच नसते. त्यांनी रंग व अपारदर्शकता यांचे अंतर्वेशन (शेजारच्या मूल्यांवरून मधले मूल्य काढणे) वेगवेगळे केले होते. त्यामुळे पूर्ण पारदर्शक, म्हणजे न दिसणाऱ्या, व्हॉक्सेलचा रंगही शेजारच्या कडेत झिरपतो. अंतर्वेशनापूर्वी रंगाला अपारदर्शकतेने गुणावे, हे विटेनब्रिंक, माल्झबेंडर व गॉस यांनी १९९८ मध्ये सविस्तर दाखवले. दुरुस्ती एका गुणाकाराची. ती सविस्तर मांडली जायला दहा वर्षे गेली.

चित्र हाताने फिरवता येण्याइतका वेग आलेख-यंत्रांमुळे (ग्राफिक्स हार्डवेअरमुळे) आला : कॅब्राल, कॅम व फोरन यांनी १९९४ मध्ये त्यांतील टेक्स्चर-यंत्रणा (पृष्ठभागावर चित्र चढवणारी सोय) वापरली, तर २००३ च्या सुमारास किरणमागोवा जीपीयूवर (चित्रणासाठीच्या प्रक्रियकावर) गेला. पुढची अडचण स्मृतीची. प्रत्येक बाजूला २,०४८ व्हॉक्सेल आणि प्रत्येकी दोन बाइट धरले, तर एकच घन १६ गिगाबाइट भरतो. म्हणून घनाच्या ‘विटा’ पाडून ऑक्ट्री रचनेत (घनाचे पुनःपुन्हा आठ भाग पाडणाऱ्या रचनेत) निरनिराळ्या सूक्ष्मतेने ठेवतात व दृष्टीच्या टप्प्यातल्या तेवढ्याच आणतात. फिरवताना चित्र भरड दिसते, हात थांबला की निवळते. पॅराव्ह्यू व व्हिजिट या मुक्त प्रणाली हे काम अनेक संगणकांत वाटून करतात.

खोडद (जि. पुणे) येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या हायड्रोजन-रेषेच्या निरीक्षणांतूनही असा घन मिळतो. मात्र त्याची तिसरी बाजू खोली नसून कंप्रता (फ्रीक्वेन्सी) असते. त्यामुळे फिरवून दिसणारा ‘आकार’ वायूचा प्रत्यक्ष आकार मानता येत नाही.