बॅप्टिस्ट मंडळ्या: सभासद कोण, हे ठरवायचे कुणी?

फेब्रुवारी 1812 मध्ये अमेरिकेतून दोन जहाजांनी काही तरुण मिशनरी कलकत्त्याकडे निघाले. सगळे एकाच संस्थेचे, काँग्रिगेशनल पंथाचे, म्हणजे ख्रिस्ती आईबापांच्या तान्ह्या मुलांनाही बाप्तिस्मा देणारे. त्यांच्यातल्या अडोनायरम जडसन यांना ठाऊक होते की हुगळीकाठच्या श्रीरामपुरात (आपल्या नगर जिल्ह्यातल्या नव्हे) विल्यम कॅरी आणि त्यांचे बॅप्टिस्ट सहकारी, म्हणजे स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यालाच पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देणारे मिशनरी, भेटणार, आणि बालबाप्तिस्म्यावरून वाद निघणार. उत्तरे तयार असावीत म्हणून त्यांनी वाटेत हा विषय मुळापासून तपासायला घेतला आणि स्वतःचीच बाजू त्यांना लंगडी वाटू लागली. पत्नी अ‍ॅन यांनी बजावले होते, तुम्ही बॅप्टिस्ट झालात तरी मी होणार नाही. 6 सप्टेंबर 1812 रोजी कलकत्त्याच्या लालबाजार चॅपेलमध्ये कॅरी यांचे सहकारी विल्यम वॉर्ड यांनी दोघांनाही पाण्यात बुडवून बाप्तिस्मा दिला. दुसऱ्या जहाजावरचे ल्यूथर राइस नोव्हेंबरात त्याच वाटेने गेले.

राइस यांच्याच जहाजावरचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मात्र आपल्या मतावरून हलले नाहीत. फेब्रुवारी 1813 मध्ये ते मुंबईला पोचले आणि अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात झाली. पुढे अहमदनगरपर्यंत पसरलेल्या या मिशनच्या मंडळ्यांत, म्हणजे गावोगावच्या चर्चमध्ये, लहान मुलांचा बाप्तिस्मा चालू राहिला, त्याचे मूळ इथे आहे. गंमत अशी की मराठी व्याकरण (1805) आणि मराठी कोश (1810) छापणारे श्रीरामपूरकर बॅप्टिस्टच. मराठी मुलखात मंडळ्या उभ्या केल्या त्या प्रामुख्याने इतरांनी.

एवढ्याशा पाण्यावरून माणसे पगार आणि सोबती सोडतात, हे बाहेरच्याला हट्टाचे वाटेल. पण बॅप्टिस्टांच्या हिशेबात बाप्तिस्मा हा सभासदत्वाचा दरवाजा आहे, आणि सभासदत्व म्हणजे मंडळीच्या कारभारात मत. त्यांच्या वर बिशप नाही, धर्मसभा नाही, राजा तर नाहीच. पाळक (मंडळीचा धर्मगुरू) निवडायचा, एखाद्याला काढायचे, इमारत विकायची, सारे सभासदांच्या बैठकीत ठरते. मग जो स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करू शकत नाही, त्याला त्या बैठकीत कसे बसवणार?

म्हणून आत येणाऱ्याची विचारपूस कसून होई. जुन्या इंग्रज मंडळ्यांत उमेदवाराला सगळ्यांसमोर उभे राहून आपण विश्वासात कसे आलो याची साक्ष द्यावी लागे, आणि मग मत घेतले जाई. गाव बदलले तर जुन्या मंडळीचे पत्र नव्या मंडळीला दाखवावे लागे. वागणुकीबद्दल तक्रार असेल तर बायबलमधल्या मत्तयच्या 18 व्या अध्यायाची पायरी: आधी एकट्याने समजावायचे, मग दोघा-तिघांना घेऊन, आणि तरीही ऐकले नाही तर मंडळीपुढे. शेवटची पायरी म्हणजे प्रभुभोजनापासून (ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीपासून) दूर ठेवणे आणि नाव कमी करणे. ही रीत आज बऱ्याच ठिकाणी सैल झाली आहे, पण मोडीत निघालेली नाही.

फाटाफूट मात्र या पंथाच्या जन्मापासूनची. 1609 च्या सुमारास ॲम्स्टरडॅममध्ये आसरा घेतलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज धर्मोपदेशकाने, आपल्याला खरा बाप्तिस्मा देईल असे कुणी नाही असे ठरवून, स्वतःच स्वतःच्या अंगावर पाणी ओतून घेतले. थोड्याच काळात त्याला हे चुकले असे वाटले आणि तो तिथल्या मेनोनाइट पंथीयांकडे वळला. टॉमस हेल्विस आणि काही जण त्याला सोडून लंडनला परतले. राजाचा अधिकार माणसाच्या आत्म्यावर चालत नाही, असे पहिल्या जेम्सला सुनावणारे पुस्तक हेल्विसने 1612 मध्ये काढले. त्याची अखेर तुरुंगवासात झाली. पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देण्याची पद्धत तर इंग्लंडच्या बॅप्टिस्टांत 1640 च्या दशकात रुळली. 1644 च्या लंडन विश्वासनाम्यात, म्हणजे तिथल्या मंडळ्यांनी आपली शिकवणूक मांडलेल्या मसुद्यात, ती लेखी आली.

खरा पेच पुढे आला. बालपणी पाणी शिंपडलेला, पण सच्चा म्हणून ओळखला जाणारा माणूस आपल्याकडे आला तर त्याला प्रभुभोजनाला बसवायचे का? बेडफर्डचे जॉन बन्यन, धर्मोपदेश थांबवायला नकार दिला म्हणून 12 वर्षे कैदेत काढलेले, 1673 मध्ये म्हणाले की पाण्याबद्दलचा मतभेद ही सहभागितेच्या आड येणारी गोष्ट नव्हे. लंडनचे व्यापारी आणि पाळक विल्यम किफिन यांनी 1681 मध्ये छापून उत्तर दिले: ख्रिस्ताने घालून दिलेला क्रम मंडळीने बदलायचा नाही, आधी बाप्तिस्मा, मग भोजन. मला किफिन अधिक तर्कशुद्ध वाटतात आणि बन्यन अधिक माणसातले. जवळपास दोनशे वर्षांनीही हा वाद शमला नव्हता. नॉर्विचच्या सेंट मेरीज मंडळीत बहुमताने भोजन खुले केले, तेव्हा विरोधक न्यायालयात गेले. 1860 मध्ये निकाल लागला की हे ठरवणे त्या त्या मंडळीच्या हातात आहे.

शिकवणुकीवरचा मतभेद त्याहून अवघड, कारण तो तोलायला ठरलेली मोजपट्टीच नसते. लंडनचे चार्ल्स स्पर्जन हे त्या काळचे सर्वात गाजलेले बॅप्टिस्ट वक्ते. बॅप्टिस्ट युनियन या मंडळ्यांच्या संघातले काही पाळक, ख्रिस्ताने माणसांच्या पापांसाठी केलेले प्रायश्चित्त आणि बायबलचा अधिकार यांना सोडचिठ्ठी देत आहेत, असा आरोप करून त्यांनी ऑक्टोबर 1887 मध्ये युनियन सोडली. नावे सांगा, म्हणून युनियन मागे लागली. स्पर्जन यांनी ती दिली नाहीत. दिली असती तरी उपयोग नव्हता, कारण विश्वासणाऱ्याला बुडवून बाप्तिस्मा यापलीकडे युनियनची बंधनकारक अशी शिकवणूक जवळपास नव्हतीच. जानेवारी 1888 मध्ये कार्यकारिणीने त्यांच्यावरच ठपका ठेवला. एप्रिलच्या सभेत तडजोडीचा ठराव सुमारे 2,000 विरुद्ध 7 मतांनी पास झाला, आणि त्याला अनुमोदन दिले होते त्यांच्या सख्ख्या भावाने.

अमेरिकेत 1845 मध्ये गुलाम बाळगणारा मिशनरी होऊ शकतो का, या प्रश्नावरून दक्षिणेकडच्या मंडळ्या वेगळ्या झाल्या. त्यांच्या सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या संघाने नंतर स्वतःचा लेखी विश्वासनामा केला आणि त्यावरच 2023 मध्ये, स्त्री पाळक नेमल्याबद्दल, कॅलिफोर्नियातली अवाढव्य सॅडलबॅक मंडळी 9,437 विरुद्ध 1,212 मतांनी बाहेर ठेवली. तरीही तिची इमारत, पाळक किंवा सभासद यांना कन्व्हेन्शन हात लावू शकत नाही. यादीतून नाव काढणे, एवढीच तिची ताकद.

भारतात बाप्तिस्मा आणि सभासदत्वाच्या प्रश्नावर एक वेगळे उत्तर निघाले, तेही महाराष्ट्रात. 1947 च्या दक्षिण भारतीय चर्च-ऐक्यात बॅप्टिस्ट नव्हते. उत्तरेत वाटाघाटी 1929 पासून चालल्या, आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा प्रवाह एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यात अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतल्या मंडळ्या होत्या, डहाणू-पालघरकडचे, तीनदा बुडवून बाप्तिस्मा देणारे ब्रेदरन होते, आणि उत्तर भारतातले बॅप्टिस्टही. बालबाप्तिस्मा आणि मोठेपणीचा बाप्तिस्मा, दोन्ही रीती पर्यायी म्हणून मान्य झाल्या. पहिल्या रीतीतले मूल पुढे दृढीकरणाने, म्हणजे मोठेपणी स्वतः विश्वास कबूल करण्याच्या विधीने, पूर्ण सभासद होते. दुसऱ्या रीतीतल्या बाळासाठी फक्त प्रार्थना होते आणि बाप्तिस्मा त्याच्या कबुलीची वाट पाहतो.

अडचण उरते ती तिसऱ्याची, म्हणजे तान्हेपणी बाप्तिस्मा झालेल्या आणि मोठेपणी नदीत उतरू पाहणाऱ्याची. बॅप्टिस्टाच्या लेखी तो पहिलाच बाप्तिस्मा, दुसऱ्यांच्या लेखी आधीच्या संस्काराचा अवमान. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात हा प्रश्न सभासदांच्या मतदानाला जात नाही, पाळकाकडून बिशपकडे जातो. मंडळीच्या वर कुणीही नको म्हणून तीन शतके भांडलेल्या लोकांनी बिशप मान्य केला, ही मला पाण्याबद्दलच्या तडजोडीपेक्षा मोठी गोष्ट वाटते. ईशान्येतल्या नागा बॅप्टिस्टांनी आणि तेलुगू मुलखातल्या बॅप्टिस्टांनी ती पत्करली नाही. ते या ऐक्याबाहेरच राहिले.